शून्यापुढचं

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तागाच्या जुन्या गिरणीत आमचं ऑफिस, तिसरा मजला.
खिडकीतून टे नदी, तिच्यावर रेल्वेचा पूल,
आणि त्याच्या शेजारी आधीच्या, पडलेल्या पुलाचे
खांबांचे बुंधे, पाण्यातून नुसतेच वर आलेले.

आम्ही सोनोग्राफीच्या यंत्रात बसणारं कार्ड बनवतो.
त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे आहे.
कर्नलमध्ये तो चढवला की लॉगमध्ये ओळ उमटते:
मॉड्यूलचा परवाना मालकीचा, कर्नल टेन्टेड.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याचं मराठी
डोक्यात आपोआप झालं.
डागाळलेला, दूषित, असलं काही नाही आलं.
आला तो आमच्या गावच्या विहिरीवरचा शब्द,
विटाळ.
पुढे कळलं, मॉड्यूल काढून घेतलं तरी खूण राहते,
यंत्र बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत.
मला हसू आलं.
इथे निदान पुन्हा सुरू करता येतं.

गुरुवारी क्रेग लॅमी चहाचा कप घेऊन टेबलाशी आला.
म्हणाला, हॉस्पिटलवाले ती ओळ बघून बिचकतात,
शिवाय काही फंक्शन्स आपल्याला मिळतच नाहीत,
ती फक्त जीपीएलवाल्यांना.
तर असं कर. परवान्यात लिही जीपीएल,
मग एक शून्य अक्षर टाक,
आणि शून्यापुढे काय खरं ते लिही.
कर्नल शून्यापाशी वाचायचा थांबतो.
यात खोटं काय? सगळं लिहिलेलं आहे की.

मी म्हटलं, बघते.

युक्ती मला नवी नव्हती.
पुण्यात खोली बघायला गेले तेव्हा
मालकीणबाईंनी नाव विचारलं.
उत्पला भास्कर, म्हटलं, आणि थांबले.
पुढे?
एवढंच लावते.
अकरा महिने राहिले. दिवाळीला चकल्या आल्या वर.
बाराव्या महिन्यात बँकेचं पाकीट आलं, पूर्ण नावाचं.
त्यांनी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून दिलं.

म्हणजे हे तर माझ्याच हातचं काम.
तरी बोटं कीबोर्डवर नुसती राहिली.
मी नाव गिळलं ते डोक्यावर छप्पर हवं म्हणून.
क्रेगला पंगतीत बसायचंय,
दहा जणांच्या हातचं पोटभर जेवायचंय,
आणि आपला डबा काखेत तसाच झाकलेला.

शेजारी इशबेल गेडिस संत्रं सोलत होती.
तिला विचारलं, तो पूल कशाने पडला गं?
वाऱ्याने, ती म्हणाली. आणि चौकशीत म्हणे असंही निघालं,
की बीडाच्या खांबांत ओतताना भोकं राहिलेली.
ती बुजवली मेण, लोखंडाचा कीस, काजळी कालवून.
घासलं की चकाकायचं. रंगही छान बसायचा.
एक फोड माझ्यापुढे केली तिने.
गाडी वर होती, म्हणाली, तेव्हा.

मी लॉग पुन्हा उघडला.
ती ओळ कुणाला लांब बस म्हणत नव्हती.
एवढंच म्हणत होती, याच्या आतलं मला दिसत नाही,
उद्या काही बिघडलं तर मला कसं कळणार.
आमचा शब्द मीच तिला चिकटवला होता उगाच.

परवाना: मालकीचा. तसाच ठेवला.
खाली लेखकाचा रकाना होता.
दोन वर्षं तिथे कंपनीचं नाव आहे.
ते खोडून लिहिलं
उत्पला भास्कर गजभिये.

सोमवारी क्रेग बहुतेक स्वतःच बदलेल ते.
एका ओळीचं तर काम.

निघण्याआधी चाचणीचं यंत्र सुरू केलं,
मनगटावर जेल लावून प्रोब टेकवला.
लॉगमध्ये ओळ उमटली, तीच.
मग पडद्यावर काळ्यात करडं काही हललं,
उघडत, मिटत,
माझं आतलं.